धाकट्या काकूची भूक

आमच्या धाकट्या काकूला जेवून उठलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायची सवय होती. माणूस हात धुऊन, तोंड पुसत बाहेर आला की ती विचारायची, "भरलं का पोट?" हो म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "कसं कळलं?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटायची. कुणी हसायचं, कुणी पोटावर हात फिरवून दाखवायचं. तिला मात्र खरं उत्तर हवं असायचं. काका म्हणायचे, ढेकर आला की कळतं. तिची एकुलती एक मुलगी श्रावणी म्हणायची, मला कंटाळा येतो, तेव्हा कळतं. सिल्लोडहून आलेला तिचा भाऊ एकदा म्हणाला होता की शेवटच्या घासाला चव राहत नाही, तिथे थांबायचं. ते उत्तर तिला फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ती भांडी घासताना मध्येच थांबून मला सांगायची, "शेवटच्या घासाला चव राहत नाय म्हणे. मला तर पहिला आन् शेवटचा एकसारखाच लागतो गं."

ती कायम अशी नव्हती, हे आधी सांगायला हवं. मी दहावी होऊन सोयगावहून संभाजीनगरला कॉलेजसाठी आले आणि मुकुंदवाडीत काकांच्या घरी राहू लागले, तेव्हा काकू काटकुळी होती. काका शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांची शिफ्ट बदलली की घराचं सगळं घड्याळ बदलायचं आणि काकू त्या घड्याळामागे पळत असायची. ती जेवायची सर्वांत शेवटी, ओट्याला टेकून, अर्धी भाकरी हातावर घेऊन. माझी आई कधी आली की तिला रागवायची. काकू म्हणायची, "वहिनी, फोडणीच्या वासानंच माझं पोट भरतं." तिच्या हातच्या येसर आमटीसाठी काकांचे कारखान्यातले मित्र वाट वाकडी करून घरी यायचे. सगळ्यांचं होईपर्यंत पातेल्यात थेंब उरायचा नाही आणि काकू त्या रिकाम्या पातेल्याकडे बघून खूश व्हायची.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. आधी उन्हाचं वाटलं, मग चष्म्याचं. पाळी थांबली, तेव्हा तिला दिवस गेले असतील असं समजून घरात दोन दिवस आनंदही झाला. पण ती चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायला लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. एकदा भाजी आणायला गेली आणि शेजारून आलेली सायकल तिच्या अंगावर येईपर्यंत तिला कळली नाही. तपासण्या झाल्या. मेंदूच्या तळाशी एक गाठ निघाली. गाठ साधी होती, अंगभर पसरणारी नव्हती, पण बसली होती अवघड जागी. डॉक्टरांनी काकांना समोर बसवून सांगितलं की ती काढली नाही तर नजर जाईल. श्रावणी तेव्हा पहिलीत होती. काकूने ऑपरेशनला जाण्याआधी तिच्या दोन घट्ट वेण्या घातल्या आणि मला म्हणाली, "मी येईस्तोवर या मोडू नको."

ऑपरेशन झालं, नजर वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिली गोष्ट मागितली ती खायला. काका अक्षरशः धावत खाली गेले आणि कँटीनमधून शिरा घेऊन आले. तिने तो सगळा खाल्ला आणि आणखी मागितला. काकांनी सोयगावला फोन लावला. माझ्या वडिलांना ते रडवेल्या आवाजात सांगत होते की खायला मागितलं, आता काळजी नाही. आमच्याकडे आजारी माणसाने खायला मागितलं की तो बरा झाला, असंच धरतात. आम्ही सगळ्यांनी तेच धरलं.

घरी आल्यावर माझी आई मदतीला येऊन राहिली होती. काकूला ती प्रेमाने धपाटे करून घालायची, काकू खायची. दुपारी परत भूक. चहाच्या वेळी परत भूक. आई म्हणायची, अंग भरून येतंय, खाऊ दे. आई गावाला परत गेली आणि मग काकू स्वतःच करून खाऊ लागली. रात्रीच्या शिळ्या भाकऱ्या, डब्यातले शेंगदाणे, साखर, श्रावणीची बिस्किटं. डोक्यावरचे केस बोटभर वाढले तोवर तिच्या बांगड्या हातात रुतू लागल्या. वर्ष सरता सरता तिचे सगळे ब्लाऊज माझ्या हाताने उसवून झाले आणि शेवटी नवे शिवावे लागले. चालताना तिला धाप लागायची. दिवसा बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि जाग आली की पहिला शब्द भुकेचाच.

लोक बोलायचे. धाकटी म्हणून नाव पडलेल्या बाईला आता धाकटी कोण म्हणेल, असा विनोद आमच्याच नात्यातल्या एका माणसाने केला होता आणि तो बरेच दिवस फिरत राहिला. नात्यातल्या बायका मोबाईलवर व्हिडिओ पाठवायच्या. कोमट पाण्यात मध, मेथीचं पाणी, सूर्यनमस्कार. काकू प्रत्येकीला हात जोडल्याचं चित्र उलट पाठवायची. जवळच्या डॉक्टरांनी तिला तोंडावर ताबा ठेवायला सांगितलं. तिने ठेवूनही पाहिला. दोन-दोन दिवस नुसत्या ताकावर राहिली. वजन तरीही कमी झालं नाही. एके सकाळी ती तिसऱ्या भाकरीला हात घालत असताना काका तिला म्हणाले, "किती खाशील?" ते चिडून बोलले नव्हते, थकून बोलले होते. काकूने हात मागे घेतला आणि त्या दिवशी ती काकांसमोर जेवलीच नाही.

शेवटी ज्यांनी ऑपरेशन केलं होतं त्यांनीच तिला हार्मोनच्या डॉक्टरकडे पाठवलं. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मी सोबत गेले होते, कारण काका घाबरले की अर्धं विसरायचे. मॅडमनी कागदावर एक डोकं काढलं, एक पोट काढलं. पोट रिकामं झालं की ते रक्तातून एक हार्मोन वर पाठवतं, खायला हवं म्हणून सांगतं, असं त्या म्हणाल्या. आणि अंगातली चरबी दुसरं हार्मोन पाठवते. साठा भरपूर आहे, आता बास, असा त्याचा निरोप. हे निरोप मेंदूच्या तळाशी एका लहानशा जागेत पोचतात आणि तिथे ठरतं की माणसाला भूक लागली की पोट भरलं. काकूची गाठ नेमकी तिथेच चिकटली होती. गाठ निघाली, पण ती जागाही जखमी झाली. निरोप येतात, ते घेणारं कुणी उरलं नाही. मेंदूला वाटत राहतं की हे शरीर उपाशी आहे. म्हणून भूक थांबत नाही, आणि कमी खाल्लं तरी शरीर जपून जपून साठवतच राहतं.

काकू बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "म्हंजी मी हावरी नाय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आजारी आहात. तुमच्या जागी मी असते तर मीही असंच खाल्लं असतं."

काकू रडायला लागली. मी तिला आजारपणात रडताना पाहिलं नव्हतं, ऑपरेशनला नेतानाही नाही. तिने काकांकडे वळून एवढंच म्हटलं, "ऐकलं का तुम्ही?" काका मान खाली घालून बसले होते. त्यांनी होकार दिला आणि तसेच बसून राहिले.

मॅडमनी आणखीही सांगितलं. गाठीमुळे बाकीचीही हार्मोन बंद पडली होती, ती आता बाहेरून घ्यायची. थायरॉइडची गोळी होती, सारखी तहान-लघवी होऊ नये म्हणून नाकात मारायचा फवारा होता. आणि एक छोटी पांढरी गोळी होती, जिच्यावर त्यांचा सर्वांत जास्त जोर होता. ताण पडला, ताप आला की निरोगी शरीर ते हार्मोन स्वतः वाढवतं, काकूचं शरीर वाढवू शकणार नव्हतं. म्हणून ताप आला तर ती दुप्पट घ्यायची, आणि उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात येऊन सुई घ्यायची. काकू त्या गोळीला जिवाची गोळी म्हणायला लागली. पुढे तिला दोन-तीनदा ताप आला, तेव्हा आम्ही ते सगळं नीट पाळलं. एकदा सुईही घ्यावी लागली. सुईनंतर तिची भूक आणखी खवळायची, आणि ते दोन-चार दिवस तिला फार जड जायचे.

मॅडमकडून आल्यानंतर लवकरच एका सकाळी डब्याची गोष्ट घडली. मी श्रावणीचा डबा भरून दप्तराशेजारी ठेवला होता. दुपारी श्रावणी शाळेतून आली ती थेट पाण्याच्या माठाकडे गेली आणि भरभर दोन पेले पाणी प्यायली. मी डबा उघडला, तो स्वच्छ होता. तिला विचारलं तर म्हणाली, मी सगळं खाल्लं. काकू पलंगावर बसली होती. ती म्हणाली, "खोटं बोलू नको, बाळा. मी खाल्ला." श्रावणी रिकामा डबा घेऊन शाळेत गेली होती, तिथे तो उघडला होता आणि बंद करून ठेवला होता. घरी येऊन तिने आईला वाचवायला पाहिलं होतं. सात वर्षांची पोर.

त्याच संध्याकाळी काकूने काकांना स्वयंपाकघराच्या दाराला कडी-कोयंडा बसवायला लावला. काका तयार नव्हते. घरच्या लक्ष्मीला स्वयंपाकघर बंद करायचं म्हणजे काय, असं ते म्हणत होते. काकूनेच कुलूप आणलं होतं. तिने मला बोलावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मने, यांच्याजवळ ठेवली तर हे देतील. यांना माझं रडणं सोसत नाय. तू ठेव. मी मागितली तरी द्यायची नाय. शिव्या दिल्या तरी नाय."

मी तेव्हा बारावीत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात स्वयंपाक काकू आणि मी मिळून करायचो. ती पूर्वीसारखीच करायची, चव कणभर बदलली नव्हती. मॅडमनी ठरवून दिलं होतं तेवढं तिचं ताट मी वाढायची. ती सावकाश, एकेक घास चावून खायची आणि ताट संपलं की हात धुऊन स्वतःहून बाहेर जायची. मी कुलूप लावत असताना ती तिकडे पाठ करून बसायची. नंतर तिने शिवणाचं मशीन अंगणाच्या दारात हलवून घेतलं. हातापायाला काम असलं की भूक मागे राहते म्हणायची. मागे राहते, जात नाही.

एका दुपारी तिने किल्ली मागितली. आधी सहज मागितली, फ्रिजमधून पाणी हवं म्हणून. पाणी मी आणून दिलं. मग तिने खरं सांगून मागितली. फक्त एक भाकरी, नुसती कोरडी. मी नाही म्हटलं. ती माझ्या पायाशी बसली. चुलती पुतणीच्या पायाशी बसली. मी तिला उठवायला गेले तर तिने मला झिडकारलं आणि म्हणाली की परक्याच्या घरात राहून घरधनिणीला उपाशी मारतेस, कुठे फेडशील हे. मी किल्ली मुठीत धरून भिंतीला टेकून उभी राहिले. दोघी रडत होतो. थोड्या वेळाने ती अंगणात गेली, तिने मशीन सुरू केलं, आणि तासभर त्याचा आवाज थांबला नाही.

संध्याकाळी तिने मला पुढ्यात बसवून माझ्या डोक्याला तेल लावलं. मग म्हणाली, "ती मी नव्हते, मने. ती भूक होती. आज तू मला तिच्यापासून सांभाळलंस."

आमच्या शेजारी शबाना आपा राहायच्या. त्या मूळ सिल्लोडच्या, म्हणून काकू त्यांना माहेरचं माणूस मानायची. ऑपरेशनच्या आधी रमजानमध्ये इफ्तारचं ताट भिंतीवरून आमच्याकडे यायचं, भजी, फळं, शेवया. नंतर आपांनी विचार करून ते थांबवलं. काकूला ते लागलं. तिने भिंतीपाशी जाऊन सांगितलं की माझ्यामुळे पोरीचं ताट तोडू नका, आणि माझ्यासाठी एक खजूर पाठवा, फक्त एक. पुढे दरवर्षी ताट थेट श्रावणीच्या हातात जायचं आणि काकूसाठी कागदात गुंडाळलेला एक खजूर यायचा. अजान झाली की ती तो खायची, भिंतीपलीकडे आपा रोजा सोडत असायच्या तेव्हाच. एकदा तिने आपांना विचारलं की दिवसभर उपाशी राहणं तुम्हाला कसं जमतं. आपा म्हणाल्या, "हमारे रोजे को शाम है, भाभी. तुम्हारे रोजे को शामच नहीं." काकू हे आम्हाला सांगताना हसली होती. मी आणि काका हसू शकलो नाही.

तिला राग येत नसे असं नाही. सिल्लोडला तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. पंगतीत काकू बसली आणि वाढणारा जिलेबी घेऊन आला. समोरच्या रांगेतली एक नातेवाईक बाई त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की तिकडे जपून वाढ, ती ताट पुसून खाते. चार जणी हसल्या. काका उठायला लागले. काकूने त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि त्या बाईला शांतपणे म्हणाली, "व्हय, मावशी, पुसून खाते. पण तुम्ही माझ्या घरी आल्या तेव्हा मी वाढलेलं तुम्हाला कधी कमी पडलं का?" काकूने जिलेबी घेतली नाही. पंगत उठल्यावर तिने पदर खोचला आणि पुढच्या पंगतीला स्वतः वाढायला लागली. त्या अवजड शरीराने, धापा टाकत, भाताचं पातेलं घेऊन ती प्रत्येकाला आग्रह करत फिरत होती. पोटात काय होत असेल ते मला माहीत होतं. तिच्या मागे वरणाची बादली घेऊन मी चालत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

माझं शिक्षण झालं, मी काही वर्षं चिकलठाण्याच्या बाजूला एका ऑफिसात नोकरी केली, आणि मग लग्न होऊन जालन्याला आले. निघायच्या आदल्या दिवशी किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न होता. श्रावणी तेव्हा नववीत होती, उंच झाली होती, फार कमी बोलायची. तिने स्वतःच हात पुढे केला. काकू कोपऱ्यात बसून बघत होती. मी निघाले तेव्हा ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "आईनं लेकीला घास द्यावा. माझ्या लेकीला माझा घास अडवायला लागतो. हे तेवढं देवानं बरं नाय केलं." बाकी तिने देवाविषयी कधी तक्रार केली नाही.

जालना काही लांब नाही. मी महिन्यातून एकदा जायची, फोन तर रोजचाच. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. आवाजात काहीतरी वेगळं होतं, लहान मुलीसारखं.

"मने, आज मी अर्धी भाकरी ताटात ठेवली."

मला आधी समजलंच नाही. ती परत म्हणाली. कालपासून भूकच नाही, म्हणाली. भाकरी समोर आहे आणि खावीशी वाटत नाही, असं होतं होय माणसाला? मी हो म्हटलं. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाली, थोडा थकवा आहे, ऊन लई आहे, उठलं की गरगरतं, पण पोट कसं शांत शांत आहे. काका बाजूला होते. त्यांनी फोन घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. ते म्हणाले, डोक्यातली ती जागा भरून आली असेल गं, होतं म्हणे असं कधी कधी. मी फोन ठेवला आणि घरात देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रावणीचा फोन आला. आई नीट उठत नाही, हाका मारल्या की डोळे उघडते आणि परत मिटते, असं ती सांगत होती. काका कारखान्यात होते. शबाना आपांच्या मुलाने रिक्षा आणली होती आणि आपांसह ते तिघे मिळून तिला दवाखान्यात घेऊन निघाले होते. मी पोचले तोवर तिला सुया दिल्या होत्या, सलाईन लावलं होतं, मॅडमही धावत आल्या होत्या. रक्तदाब चढत नव्हता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, ते गार होतं. तिने मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी ती गेली.

मॅडमनी आम्हाला आपल्या खोलीत बसवलं. तपासण्यांवरून त्यांना दिसत होतं की पोटात काहीतरी बाधलं असावं, उलट्या होऊन जिवाची गोळी पोटात ठरली नसावी. ते हार्मोन अंगातून उतरायला लागलं की सर्वांत आधी भूक जाते, त्या म्हणाल्या. मग गरगरतं, मग गुंगी येते. काकांनी विचारलं की ताप नव्हता, आम्हाला कसं कळणार होतं. मॅडमनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तिची भूक गेली याचा आनंद झाला नसता, असं घर मला दाखवा. तुमचं काही चुकलं नाही."

उलट्या झाल्याचं तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं. खरं काय झालं ते मला नंतर शबाना आपांनी सांगितलं, भिंतीपाशी उभं राहून, पदराने तोंड दाबून. त्यांनी काकूला मागच्या मोरीपाशी ओकताना पाहिलं होतं आणि दवाखान्यात चल म्हणाल्या होत्या. काकूने त्यांचे हात धरले. सांगितलं तर सुई देतील, सुई दिली की ती परत येईल, असं म्हणाली. ती म्हणजे भूक. दोन दिवस तरी मला माणसासारखं राहू दे, उद्या मीच जाते. आपांना त्या सुईचं महत्त्व ठाऊक नव्हतं. काकूला ठाऊक होतं, पण ते एवढ्या लवकर येईल हे बहुधा तिलाही वाटलं नव्हतं. आपा रडत विचारत होत्या, "मैं क्या करती, बेटा? इतने साल में पहली बार उसका चेहरा सुकून में देखी मैं." मी त्यांना जवळ घेतलं. ही गोष्ट मी काकांना सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. घरात काका, श्रावणी आणि मी उरलो. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. श्रावणीने वरण-भात केला होता, तिघे जेवायला बसलो. काकांनी भाताला हात लावला नाही. ते ताटाकडे बघतच बोलायला लागले.

"त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी ठेवली ना, ती मी खाल्ली. वाया कशाला घालायची म्हणून नव्हे. खुशीनं खाल्ली. तिच्या ताटात काही उरलंय, हेच मला... ती माझ्याकडं बघून हसत होती. मी तिला म्हटलं, आता तू बरी झालीस."

श्रावणी उठून त्यांच्याजवळ बसली. तिने त्यांच्या ताटातला भात वरणाशी कालवला, ताट त्यांच्या पुढे सरकवलं आणि म्हणाली, "जेवा, बाबा. घरात कुणी उपाशी राहिलेलं आईला पाहवत नव्हतं."

काकांनी पहिला घास घेतला.